इथं मानूस हाय

तीस वर्षं म्या एसटीत कंडक्टर होतो, धाराशिव डेपोला. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरनाऱ्यांचा मला भारी राग. "इथं मानूस हाय, पानी आनायला खाली गेलंय," असं कुनी म्हनलं की म्या रुमाल उचलून त्याच्या हातात द्यायचो. "मानूस दिसतंय का कुठं? न्हाय ना? मग उभा हाय त्याला बसू द्या!" अन् माझी बायको सरुबाई जन्मभर रुमालच टाकत आली. त्यावरनं आमची कितीदा वाजली असेल, हिशोब न्हाय.

तर ऐका. आमची एकुलती एक श्रावस्ती जर्मनीत शिकते. मातीत पानी कसं टिकतं, ह्याच्यावर चार वर्षं खपली. शेवटची परीक्षा हॉलमध्ये, सगळ्यांसमोर उभं राहून. पास झाली की डॉक्टर. "दोघंबी पहिल्या रांगेत पाहिजेत," पोरीनं बजावून ठेवलं होतं. म्हनून आमी निघालो. मुंबईत विमानात बसायचं, मधी आखातात विमान बदलायचं.

विमानाचं लई कौतुक ऐकलं होतं. कसलं काय राव! गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले. पुढच्यानं पाठ मागं टाकली तर त्याचं टक्कल माझ्या जेवनात. कानात दडे बसले. संडासाची कडी उघडंना, तर आतनं बोंबललो, तवा एका बाईनं बाहेरनं सोडवलं. आपली लाल गाडी परवडली, निदान येडशीला उतरून पाय तरी मोकळे करता येतेत. सरुबाई मात्र त्या एवढ्याशा खुर्चीत मांडी घालून बसली अन् घोरायला लागली. आता बोला!

आमचं विमान तीन तास लेट. आखातात पोचलो तवा पुढचं कवाच उडून गेलेलं. तिथल्या एसीत दात वाजत होते. खुर्च्यांना मधी लोखंडी दांड्या, म्हंजे मानसानं आडवं व्हायचंच न्हाय. भोंगा दर मिनिटाला काहीतरी ओरडनार. म्या तोंड धुवून आलो, तर सरुबाईनं माझ्या खुर्चीवर पदराखालचा रुमाल पसरून ठेवलेला.

"हे काय धाराशिवचं स्टँड वाटलं का?" म्या खेकसलो.

"मानसाला बसाय जागा लागतीच की, कुठंबी," ती म्हनली.

काउंटरवर म्या लई आरडाओरडा केला. तिथली पोरगी निघाली हैदराबादची. "चाचा, चिल्लाव नक्को," ती म्हनली. "शाम के जहाज में एकीच सीट है. दूसरी कल दोपहर कू."

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. म्हंजे एकानं लेकीला बघायचं अन् दुसऱ्यानं ह्या खुर्चीत सडायचं.

खोटं कशाला बोलू, मनात म्या माझंच नाव घातलं होतं. मला हिंदी येतं, चारचौघांत वावरायची सवय. सरुबाईबी लगेच म्हनली, "जावा तुमी. म्या बसते इथं. कडक भाकरी हाय, शेंगदान्याची चटनी हाय. मला काय धाड भरलीय?"

ती असं बोलली अन् उलटा मलाच राग आला. मान खाली घातली तर तिचे पाय दिसले. सुजून भप्प झालेले, चपलीचे पट्टे मांसात गेलेले. अन् एकदम ते आठवलं. श्रावस्ती कॉलेजला होती तवा ही रोज पहाटे उठून डबा करायची, पोरीला आमच्या गावच्या, येडशीच्या स्टँडवर आनायची अन् गर्दीत घुसून रुमाल टाकायची. पोरगी बसून वाचत जावी म्हनून. मंग तिथनंच रोजानं कामाला. एकदा माझ्याच गाडीत तिनं टाकलेला रुमाल म्या सगळ्यांदेखत खाली फेकला. नियम म्हंजे नियम. पोरगी त्या दिवशी धाराशिवपर्यंत उभी गेली, पुस्तक छातीशी धरून. सरुबाई मला त्यावरनं कधी एक शब्द बोलली न्हाय.

"तू जा," म्या म्हनलं.

"अन् तुमी?"

"माझं सोड. जमंल ना तुला एकटीला?"

"गाडीच बदलायची हाय ना? आकडे मला वाचता येतेत. अन् पोरगी न्यायला येनार हाय." मग तिनं माझ्या गळ्यातला चौकड्यांचा रुमाल ओढून घेतला. "ह्यो द्या इकडं. माझा घान झालाय." मला वाटलं, डोळे पुसायला घेतला. चपला पिशवीत टाकून अनवानी निघाली, एकदाबी मागं न बघता. लाखो प्रवासी बघितले म्या, पन असं काळीज कुनाचं न्हाय बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीत अवघडून बसलो होतो, तर फोन वाजला. श्रावस्तीची मैत्रीन हॉलमधनं व्हिडिओ दावत होती. हॉल गच्च भरलेला, मागं मानसं उभी. पहिल्या रांगेत सरुबाई, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. अन् तिच्या शेजारच्या खुर्चीवर माझा चौकड्यांचा रुमाल.

एक उंच, पांढऱ्या केसांचे साहेब आले अन् तिथं बसायला वाकले. सरुबाईनं खुर्चीवर हात ठेवला.

"इथं मानूस हाय," ती म्हनली. मराठीत, येडशीच्या स्टँडवर म्हनते तसंच. "येत्याल. गाडी लेट झालीय त्यांची."

साहेबांना काय कळलं कुनास ठाऊक. त्यांनी रुमालाकडं बघितलं, मान डोलवली अन् भिंतीला टेकून उभे राहिले. बोलायला सुरुवात करायच्या आधी श्रावस्तीनं त्या खुर्चीकडं बघितलं अन् हसली, म्या बसलेलो असल्यावानी.

म्या तिकडं लोखंडी खुर्चीत हमसून हमसून रडलो. तीस वर्षं लोकांना विचारत आलो, मानूस दिसतंय का कुठं. त्या दिवशी सगळ्या हॉलला दिसलं.