भर नाटकात राखलेला मान

मी कल्पाक. सागिनबायच्या डोक्यावरून बोलतोय, तेव्हा जरा मान वर करून ऐका.

पांढऱ्या नमद्याची उंच टोपी आणि काठाला काळी मखमल, हा माझा थाट. नारीनच्या डोंगरात बुरमाकानने मेंढीची लोकर गरम पाण्यात दाबून दाबून तो नमदा केला, त्यातून मला घडवलं आणि नवऱ्याच्या, म्हणजे सागिनबायच्या, डोक्यावर चढवलं. आमच्याकडे कल्पाक म्हणजे माणसाची अब्रू. मला जमिनीवर ठेवत नाहीत, रात्रीसुद्धा उशाशी ठेवतात. एवढा मान मिळाल्यावर कुणाच्याही डोक्यात हवा जाईल. माझ्या तर पोटात नुसती हवाच आहे.

म्हातारा मात्र महाहट्टी. नातू मिर्लान मेंढरं सोडून राजधानीत, बिश्केकला, नट व्हायला गेला, तेव्हा याने सांगून टाकलं, "सोंगाड्या नातू मला नको." तेव्हापासून घरात पोराचं नाव काढायची सोय राहिली नाही. बुरमाकान चोरून रडायची. मी सगळं बघत होतो, पण टोपीचं ऐकतो कोण!

या वसंतात ती म्हणाली, "अहो, दोन दिवस शहरात जाऊ. संग्रहालय बघू."

"संग्रहालय बघेन. नाटकबिटक नाही."

"नाटकाचं नाव कुणी काढलं?"

मिर्लानने तिकिटं काढून ठेवली होती, हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

संग्रहालयात काचेच्या कपाटात माझा कुणी पणजोबा होता, अगदी खालच्या फळीवर. म्हातारा तिथल्या देखरेखीच्या बाईंवर खवळला.

"बाई, हा वर ठेवा."

"आजोबा, सगळं क्रमाने लावलंय."

"मग क्रम बदला! टोपी खाली आणि बूट वर? तुम्ही बूट डोक्यावर घालता का?"

बाईंनी वरच्या फळीवरच्या बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "साहेबांना सांगते" म्हणाल्या. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

संध्याकाळी बुरमाकानचे गुडघे अचानक दुखायला लागले. "समोर जरा टेकू या," म्हणत तिने त्याला ज्या इमारतीत नेलं, ते निघालं थिएटर. कोट ठेवून घेणारी बाई सवयीने मला कोटाच्या बाहीत कोंबायला निघाली.

"हवं तर माझं डोकं ठेवून घे," म्हातारा ओरडला, "याला हात लावू नकोस!"

म्हणून मी आत गेलो आणि त्याच्या मांडीवर बसलो.

पडदा उघडला. बापाशी भांडणारा मुलगा म्हणून मिर्लान समोर आला. म्हाताऱ्याची बोटं माझ्यात रुतली. तो उठणार, तोच बुरमाकानने त्याला खाली ओढलं.

"बसा. तुमचा नसेल, माझा नातू आहे. मी त्याला बघणार."

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं बोलली नव्हती. तो बसला. हळूहळू पुढे झुकला. हे नाटक आहे, हेच विसरला. तेवढ्यात रागाच्या भरात मिर्लानने डोक्यावरचा कल्पाक काढून जमिनीवर आपटला.

"उचल तो!" म्हातारा उभा राहून गरजला. "बापाशी भांड हवं तेवढं, पण आधी कल्पाक उचल!"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. मिर्लानने आवाज ओळखला. त्याने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कल्पाक उचलला, झटकला, कपाळाला लावला. हे नाटकात नव्हतं. बाप झालेला नट खरंच रडायला लागला आणि टाळ्या थांबेनात.

नाटक संपल्यावर दिग्दर्शिका धावत आली. "आजोबा, उद्याही याल? असंच ओरडाल?"

"मी काय सोंगाड्या आहे?"

मिर्लान मागे मान खाली घालून उभा होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघता विचारलं, "उद्या किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो खोलीत आरशासमोर गरजत होता. शेजारच्यांनी भिंत ठोकली. "अहो सोंगाडे," बुरमाकान म्हणाली, "चहा घ्या, घसा बसेल."

संध्याकाळी तो क्षण आला. म्हाताऱ्याने मला डोक्यावर चढवलं आणि उभा राहिला. प्रकाशाचा झोत थेट माझ्यावर पडला. ठरलेलं वाक्य होतं "उचल तो!" तोंडातून निघालं, "उचल रे, माझ्या नातवा!"

नाटकात तर बाप आणि मुलगा होते. पण कुणीही हसलं नाही. मांडीवर कल्पाक घेऊन बसलेल्या एकेका पुरुषाने तो डोक्यावर घातला आणि उभा राहिला. थिएटरभर आम्हीच आम्ही! मागच्यांना काही दिसेना, तरी कुणी तक्रार केली नाही. मिर्लान रंगमंचावरून उतरून आला, म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली, आणि मी दोघांच्या मध्ये पार चेपलो. असा आनंद मला कधी झाला नव्हता.

आता माझी मखमल विटलीय, आत घामाचे डाग आहेत. पण संग्रहालयात जायची मला घाई नाही. तुमच्या घरातलं कुणी रंगमंचावर उभं राहत असेल, तर रुसून घरी बसू नका. जाऊन बघा, एवढंच माझं मागणं.

आमचा म्हातारा दर महिन्याला बसने बिश्केकला येतो. नाटकात त्याला एकच वाक्य आहे, आणि ते तो दर वेळी चुकवतो.