दसऱ्याला सही केलेले कोरे दाखले

मंडळी, न वाचता सही करायची आपली खोड किती जुनी! बँकेत, शाळेत, सोसायटीत कुणी बोट ठेवलं की आपण तिथे पेन टेकवतो. धुळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या बुटांच्या कारखान्यात तर या खोडीचा सणच केला होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, की वर्षभराच्या कोऱ्या निर्यात-दाखल्यांना हळदकुंकू लावायचं आणि सगळ्यांत जुन्या कारागिरानं, सुपडूनानांनी, त्या गठ्ठ्यावर कारखान्याच्या वतीनं सह्या करायच्या. "नानांचा हात गुणाचा," असं मालक प्रेमराजशेठ म्हणायचे. पिंपळनेरहून आलेल्या त्या साध्या माणसाला त्या दिवशी आभाळ ठेंगणं व्हायचं.

दाखल्यांवरचा मजकूर नंतर लीलाधर भरायचा. तो निर्यातीचा कारकून. दूरदेशी युद्ध पेटलं तेव्हा सरकारनं हुकूम काढला, की लढणाऱ्या देशांत सैनिकांचे बूट जाता कामा नयेत. बाहेर जाणारा माल कोण वापरणार, ते दाखल्यावर लिहून द्या. शेठ म्हणाले, "माल दुबईच्या व्यापाऱ्याला जातोय. शेतमजुरांसाठी, असं लिही."

लीलाधरनं लिहिलं. घोट्यावर चढणारे काळे बूट, तळव्यात पोलादी पत्रा, बायकांच्या मापाचा एकही जोड नाही. हे कसले शेतमजूर, हे त्याला कळत होतं. आपलं काम कागद भरायचं, असं म्हणून तो गप्प बसला. अशा चार खेपा गेल्या.

एका सोमवारी चौकशीला अधिकारी आले. बूट थेट रणांगणावर सापडले होते, आत कारखान्याचा छाप! शेठनी सरळ हात झटकले. "मला काय ठाऊक साहेब? सह्या नानांच्या आहेत."

"सही मन्हीच शे," नाना म्हणाले. "पण कागद कोरा व्हता, साहेब."

कोण विश्वास ठेवणार? संध्याकाळी नानांना ताब्यात घेऊन जायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत शिलाई-मशीनवरच्या इंदिराबाईंनी लीलाधरला गाठलं. "भाऊ, शेतमजूर असं कोणी लिहिलं?"

"अक्का, घरी दोन लेकरं आहेत. बोललो तर मीच अडकेन."

"मग नानांनी अडकायचं? ते बूट मीच शिवले. कोणासाठी, हे मीही विचारलं नाही. ते घालून कोण कोणाच्या दारात गेला असेल, या विचारानं घास उतरत नाही रे! शेठ पैशाला भुलले, नाना मानाला भुलले. तू कशाला भुलला? तू तर सगळं जाणून होता!"

लीलाधरनं डबा झाकला. तो उठला, अधिकाऱ्यांसमोर बसला आणि सगळं लिहून दिलं.

त्यांनी वाचलं. "पहिल्याच खेपेला का नाही कळवलंत? एक पत्र पुरेसं होतं."

लीलाधरनं एवढंच विचारलं, "नाना सुटतील ना साहेब?"

"त्यांचा भार थोडा हलका होईल. पण सही त्यांची आहे. आता तुमच्यावर आणि शेठवरही गुन्हा नोंदवावा लागेल."

कारखान्याला सील लागलं. फाटकाबाहेर साठ कामगार डबे हातात घेऊन नुसते उभे होते. अधिकाऱ्यांच्या जीपमध्ये लीलाधरनं नानांचे पाय धरले. "नाना, माफ करा!"

नानांनी त्याला हाताला धरून वर बसवलं. मग म्हणाले, "मी वाचं नही. तू जाणीसन बी चूप बसना. आपुन दोन्ही दोषी शेतस."

नागरिकहो, सरकारनं कितीही पहारा ठेवला, तरी त्याला दिसतं ते आपण लिहून दिलेलंच. म्हणून न वाचता सही करू नका, आणि खोटं दिसलं तर त्याच दिवशी बोला. लीलाधर अखेर खरं बोलला. पण त्या बुटांनी ज्यांची घरं तुडवली, त्यांच्यापर्यंत ते खरं कधीच पोहोचणार नाही.