सायराकानने बांधलेला दोरा

नारिन शहराच्या इस्पितळात तेव्हा पाठीचा कणा मोडलेल्यांचा वॉर्ड बुरुलाई नर्सकडे असे. घोड्यावरून पडून पाय लुळे झालेला एर्किन तिथेच होता. एका सकाळी त्याला कुशीवर वळवायला तिने पांघरूण काढलं आणि ती चरकली. त्याचे घोटे काळ्या-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने आवळले होते. तिकडे पहिली पावलं टाकणाऱ्या बाळाचे पाय असेच बांधतात. चपळ माणसाने दोरा कापला की बाळ धावत सुटतं म्हणे.

“मावशी, हे तुम्ही केलंत?”

“तूच काप, पोरी,” त्याची आई सायराकान म्हणाली. “दिवसभर भिंगरीसारखी फिरतेस, तुझा गुण लागेल.”

“अहो, केवढा घट्ट! त्याला दुखलेलं कळत नाही.”

“काप गं ताई,” एर्किन हसला, “नाहीतर आई वॉर्डात शर्यत लावेल.”

बुरुलाईने दोरा कापला. खालची कातडी काळीनिळी पडली होती. असल्या पायांची जखम लवकर भरत नाही, हे तिला ठाऊक होतं. पाय जिथल्या तिथे होते.

“हलले का गं?” छताकडे बघत एर्किनने विचारलं.

“थोडेसे, बाळा,” सायराकान म्हणाली.

बुरुलाई मलमपट्टी आणायला गेली.