उतारा कोण नेणार

“आव गे चील, लेके जा बला!”

बडीबीचा तो भरदार आवाज द्वारकाबाईच्या कानात अजून तसाच होता. तिचा बद्रीनाथ तान्हा असताना त्याला गोवर निघाला होता, अंगाची नुसती लाही होत होती. तेव्हा शेजारची ही म्हातारी आपणहून आली, मटणाचे तुकडे पोरावरून उतरवले आणि माळवदावर जाऊन आभाळात भिरकावले. पिशोर गावच्या घारींनी ते वरच्या वर झेलले. घारीनं उतारा नेला की दुखणं तिच्यासंगं जातं. “गई बला,” म्हणून बडीबी बोळक्या तोंडानं हसली होती.

आज त्याच माळवदावर बडीबीची सून जैतुनबी उभी होती, हातात ताटली धरून. तिचा नातू रहीम तापानं फणफणला होता. तिनं तुकडा वर फेकला. तो गरगरत खाली येऊन मातीत पडला. आधीच्या तुकड्यांना मुंग्या लागल्या होत्या.

शेजारच्या माळवदावर द्वारकाबाई मिरच्या पसरत होती. तिनं वर पाहिलं नाही. वर काय आहे ते तिला ठाऊक होतं. धुऊन पालथ्या घातलेल्या परातीसारखं रितं आभाळ.

“द्वारका, कुठं मेल्या गं ह्या चिली?”

द्वारकाबाईच्या हातातली मिरची मोडली.

“उन्हाच्या गेल्या असतील रानात.”

“काल बी नाय, परवा बी नाय. खाटकाच्या दुकानावर बी एक नाय. म्या म्हणलं त्याला, तुझ्या मटणाला चिली बी विटल्या रे!” जैतुनबी हसायला गेली, पण हसू ओठावरच वाळलं.

खाली दारात जीप फुरफुरत होती. रहीमला औरंगाबादच्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. रहीमची आई मुनिरा लेकराला गोधडीत गुंडाळून अंगणात उभी होती.

“अम्मी, चलो ना. जीपवाला वरडायलाय.”

“नक्को.” जैतुनबीनं ताटली खाली ठेवली. “चिलीनं उचलला नाय, सदका कबूल नाय झाला. अल्लाची मर्जी नाय, मुनिरा. रस्त्यात हाल नको लेकराचे. राहू दे घरातच, माझ्या मांडीवर.”

मुनिरानं मान वर करून द्वारकाबाईकडं पाहिलं. द्वारकाबाईनं मिरच्या उगाच खालीवर केल्या.

घारी बद्रीनाथच्या कोंबड्यांची पिल्लं उचलून न्यायच्या. गेल्या आठवड्यात त्यानं बकऱ्याच्या आतड्यांना कपाशीवर फवारायचं औषध चोळलं आणि ती उकिरड्यावर टाकली. दिवस कलायच्या आत घारी पडू लागल्या. एक तर द्वारकाबाईच्या पायाशीच पडली. पंख पसरून धापा टाकत होती, डोळा तिच्यावर रोखलेला. फॉरेस्टवाले चौकशीला आले, तेव्हा द्वारकाबाईच पुढं झाली होती, “आमाला काय ठाव, साहेब?” घार मारली तर तुरुंग होतो, हे तिला त्यांच्याच तोंडून कळलं होतं.

“आये.” बद्रीनाथ जिन्यात उभा होता. कधीपासून, कोण जाणे. “चल खाली. लोकाच्या घरातलं त्यांचं त्यांना बघू दे.”

आवाज मऊ होता. डोळे मात्र तिच्यावरून हलत नव्हते.

खाली मुनिरानं जीपवाल्याला हातानंच ‘जा’ म्हणून खुणावलं. गाडीनं गिअर टाकला.

द्वारकाबाई उठली. मांडीवरच्या मिरच्या घरंगळल्या. तिनं दोन घरांमधल्या कठड्यावर हात टेकले.

“ए जीपवाल्या, थांब रे! मुनिरा, बस गाडीत!”

“आये!”

तिनं मागं वळून पाहिलं नाही. जैतुनबीच्या तोंडाकडं बघत, पण जिन्यात सुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “घारी नाय म्हणल्या नायत, जैतुनबी. यायला हायत कुठं त्या? माझ्या बद्रीनं इख घालून मारल्या. आमच्या उकिरड्यामागं पुरल्यात सगळ्या.”