सोमवारचा दम

चौऱ्याहत्तर साली आकारामला दर सोमवारी दम लागायला लागला. माधवनगरकडच्या एका गिरणीत तो कार्डिंग खात्यात होता, म्हणजे कापूस पिंजून त्याचे पेळू करणाऱ्या यंत्रावर. सोमवारी दुपार झाली की छातीला कुणी दोर आवळल्यासारखं व्हायचं. मंगळवारी जरा सैल, बुधवारी गडी पुन्हा ठणठणीत. असं तीन महिने चाललं तर कुणालाही संशय येईल, आणि आकाराम तर मुळातच संशयी.

सोमवारी बाधतं म्हणजे रविवारी काहीतरी पोटात जातंय, असं त्यानं ताडलं. रविवारी तो जायचा शिराळ्याजवळच्या गावी, धोंडुवैनीच्या हातचं जेवायला. भाऊ लालासाहेब पलटणीत, दूर. आई गेली तेव्हा आकाराम सहा वर्षांचा होता. वैनीनंच त्याला वाढवलं. पण उसाच्या रानावर दोघा भावांची नावं होती. आपलं बरंवाईट झालं तर रान कुणाचं? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि वैनीचं सगळंच वाकडं दिसायला लागलं. माझी भाकरी ही वेगळ्या पिठाची का करते? मी जेवताना टक लावून का बघते?

मग त्यानं शक्कल काढली. वैनी पाणी आणायला वळली की भाकरी दारातल्या कुत्र्यापुढं टाकायची. सोमवारी दम लागलाच. पुढच्या रविवारी त्यानं आमटीही सोडली, तरी लागला. शहाण्याला एवढ्यावर कळलं असतं. आकारामनं चहावर संशय घेतला. येत्या रविवारी वाटणी मागायची आणि वैनीचा उंबरा कायमचा सोडायचा, असं त्यानं पक्कं केलं.

त्याआधी पुरावा हवा म्हणून पाळी सुटल्यावर तो धापा टाकत सांगलीत एका डॉक्टरांकडं गेला.

"पोटात कुणी काय घातलंय का, बगा."

डॉक्टरांनी पोटाला हातच लावला नाही. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "कामाला कुठं?"

"कार्डिंगला."

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर श्वासनळी काढली, उलट्या झाडासारखी. "हिला आतून ओलं अस्तर असतं. त्यातल्या काही पेशी चिकट कफ सोडतात, धूळ त्यात अडकते. बाकीच्या पेशींवर बारीक केस असतात. तुमच्या यंत्राच्या रुळावर तारेचे दात असतात ना, तसे दाट, पण मऊ. ते एकाच दिशेनं हलतात आणि धुळीचा कफ घशाकडं ढकलतात. पण कापसाच्या एवढ्या धुळीपुढं ते पुरे पडत नाहीत. मग अस्तर सुजतं, बारीक नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. सुटीनंतर पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त."

"वैनीच्या भाकरीनं न्हाई व्हय?"

"तुमच्या खात्यातले आणखी चौघं सोमवारीच येतात माझ्याकडं. ते सगळे तुमच्या वैनीकडं जेवतात काय?"

"खातं बदलून मागा," डॉक्टर सांगत होते, पण आकारामचं लक्ष उडालं होतं. लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हा वैनीनं त्याला खांद्यावर उभं धरून दिवस काढले होते. ते आठवलं आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की स्टँडपर्यंत मान वर होईना.

रविवारी तो गावी गेला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "वैनी, लय भूक लागलीया."

वैनीनं ताट वाढलं. आज प्रथमच त्यानं चुलीजवळ झाकून ठेवलेल्या तिच्या ताटाकडंही बघितलं. तिच्या ताटात रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या हलक्या ज्वारीची भाकरी होती. त्याच्या ताटात पांढऱ्याशुभ्र शाळूची.

तो पहिला तुकडा मोडणार, तेवढ्यात वैनीनं दारातल्या कुत्र्याला हाक मारली आणि त्याच्या ताटाशेजारी आणून बसवलं.

"आदी त्येला घाला, भावजी," ती म्हणाली. "त्येला काय झालं न्हाई, मग तुमी खावा."

आकारामचा हात तसाच राहिला. "चुकलो मी, वैनी. गिरणीच्या धुळीचा दम हाय त्यो. डॉक्टरनी सांगितलं."

"डॉक्टरनी सांगितलं तवा पटलं व्हय," ती म्हणाली. "जेवा, निवतंय."

ती उठून आत गेली. तो जेवत असताना समोर बसून बघायची तिची जन्माची सवय, पण त्या दिवशी ती बाहेर आली नाही.