सव्वानऊचा हत्ती

कागद चार पानांचा होता आणि तिसऱ्या पानावर ओरातिलेचं घोडं अडलं. 'पाहुण्यांना दाखवावयाचे प्राणी व त्यांची वेळ' असा तिथे तक्ता आखलेला. प्राण्याचं नाव लिहायचं, पुढे वेळ, पुढे ठिकाण, पुढे सही.

"हत्ती किती वाजता येणार ते मी काय लिहू?" अंगणात बसल्या बसल्या ती करवादली. "त्याला काय शाळा गाठायचीय?"

"लिही, सव्वानऊ," मामा तिरो म्हणाला. हा तिच्या सासूचा धाकटा भाऊ. त्यांच्या बोलीत तिरो म्हणजे काम, आणि या माणसाने साठ वर्षांत कामाला बोट लावलेलं अख्ख्या मोखालो गावात कुणी पाहिलं नव्हतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. "माझ्या कलिंगडात तो रोज सव्वानऊला शिरतो. घड्याळ लावून घे हवं तर."

"रात्रीच्या सव्वानऊला, मामा."

"कागदात रात्र की दिवस विचारलंय? नाही ना? मग तुला कशाला पंचाईत?"

ओरातिलेने सव्वानऊ लिहिलं. दुसरं करणार काय? उद्या सकाळी माउन शहराहून लायसनचे परीक्षक यायचे होते. तसं मोखालोच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मोकोरो हाकत आल्यात. खोडातून कोरलेली ती चिंचोळी होडी, मागे उभं राहायचं आणि लांब काठीने रेटत न्यायची. त्यातून छपराला लागणाऱ्या बोरूचे भारे आणायचे, मासे आणायचे. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच होडीत गोरा पाहुणा बसवला, की लायसन लागतं. बोरूचा भारा बुडाला तर कोण विचारतो?

ओरातिले दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा परीक्षकांचे बूट भिजले म्हणून, दुसऱ्यांदा सफरीची योजना तोंडी सांगितली, लेखी नव्हती म्हणून. या खेपेला घसरली, की तीन वर्षं अर्जसुद्धा करायचा नाही. म्हणजे पुन्हा माउनला जाऊन लॉजच्या चादरी धुवायच्या. गेल्या वर्षी तिने त्या आठ महिने धुतल्या होत्या. तिथून पाणी दिसायचं नाही, वास यायचा तो साबणाचा, आणि ती रोज रडायची. नवरा केबोन्ये दूर दक्षिणेला खाणीत. वर्षातून दोनदा उगवायचा, खाऊन-झोपून मावळायचा.

आणि होडी होती सासूची. सासऱ्याने मरायच्या आधी कोरलेली शेवटची.

"नापास झालीस ना," सासूने, म्हणजे म्मा-केबोन्येने, बजावून ठेवलं होतं, "तर होडी उपडी घालीन आणि खाली कोंबड्या कोंडीन. आधीच सांगून ठेवते. मागाहून म्मा-म्मा करत यायचं नाही."

म्हातारी सत्तरीला टेकलेली, काटकी अंगाची, जिभेला मात्र हाड नाही. तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. "मला कुणी लायसन दिलं होतं? पोटात केबोन्ये असताना बोरूचे भारे ओढले मी. तेव्हा कुठे होता हा तुमचा परीक्षक? आईच्या कडेवर?"

परीक्षकांचा नियम असा, की पाहुणे उमेदवारानेच आणायचे. दोन. खरे पाहुणे कुठून आणणार? तेव्हा मामा तिरो एक झाला. तो तर आधीपासूनच टपून बसला होता. दुसरी जागा कुणाला द्यावी, यावर बराच काथ्याकूट होऊन शेवटी सासूच ठरली, कारण होडी तिची, आणि तिच्याशिवाय ती अंगणातून हलली नसती.

"मी पाहुणी? माझ्याच पाण्यात?"

"पाहुण्यांना घडीची खुर्ची मिळते, म्मा," ओरातिले हळूच म्हणाली. "चहा हातात देतात. काही उचलू देत नाहीत."

म्हातारीने कान टवकारले. "पाठ टेकायची खुर्ची?"

"पाठ टेकायची."

मग रस्त्यावरून जुंपली. डोहाजवळ पाणघोडे असतात. तिथे पोचलं की उजवीकडच्या उंच, दाट बोरूत शिरायचं, असं सासूचं म्हणणं. "तुझा सासरा जन्मभर तिथेच लपला. एक ओरखडा नाही अंगावर."

"या वर्षी पाणी चढलंय, म्मा. मी तीनदा जाऊन पाहून आले. पाणघोड्यांनी त्याच बोरूतून नवी वाट पाडलीय. शेण ताजं आहे."

"काल आलेली पोर, मला पाणी शिकवते!" काल म्हणजे अकरा वर्षांपूर्वी. ओरातिलेने वाद घातला नाही. चौथ्या पानावर तिने लिहिलं: डोहाच्या अलीकडे थांबणे. काठी होडीवर तीनदा वाजवणे. बोरूत शिरू नये.

सकाळी परीक्षक मोत्सुमी साहेब आले. या खेपेला त्यांनी बूट गाडीतच काढून ठेवले होते. ते मागच्या होडीत बसले, ती एका जुन्या नावाड्याच्या हाती. पुढे ओरातिलेच्या होडीत सासू आणि मामा.

मामाने मात्र कमाल केली. कुण्या पाहुण्याची विसरलेली टोपी, एकच काच शाबूत असलेला काळा चष्मा, आणि गळ्यात कॅमेऱ्याची पिशवी. आत कॅमेरा नव्हता, मॅग्विन्या होती, पिठाचे तळलेले गोळे. वीस वर्षं या माणसाने पाहुण्यांच्या मागे फिरून उरलंसुरलं गोळा केलेलं. त्यांची एकेक खोड त्याला पाठ. बसल्या बसल्या त्याने विचारलं, मगरी शाकाहारी आहेत का. मग शेणाचा फोटो काढल्यासारखं केलं. पहिल्या बेटावर चहाला थांबले तेव्हा म्हणाला, "यात ओटचं दूध आहे ना? गाईचं मला सोसत नाही." गेल्याच लग्नात बादलीभर ताक प्यायला होता मेला.

सासू खुर्चीत बसली होती. पाठ टेकून. ओरातिलेने चहा हातात दिला तेव्हा ती सवयीने उठायला लागली, मग आठवलं, आणि पुन्हा बसली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी चहा करत होतं आणि ती नुसती बघत होती. पण होडीत बसली, की दर चार हातांवर मान मागे. "काठी खोल घाल. डावीकडे. अगं डावीकडे! हे काय, लाडू वळतेस का?" मोत्सुमी साहेब मागून काहीतरी टिपून घेत होते.

सव्वानऊ वाजले. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, चारी बाजूंना पाहिलं. एक बगळा होता.

"हत्ती?"

"उशीर होतोय," मामा म्हणाला. "सरकारी असेल."

साहेबांनी ठळक फुली मारली.

पुढे डोह आला. ओरातिलेने होडी अलीकडेच थांबवली, काठी तीनदा वाजवली आणि थांबली. काही हललं नाही. सासूने नाक उडवलं. तेवढ्यात डोहाच्या तोंडाशी पाणी फुगलं आणि वीसेक हातांवर पाणघोडा वर आला. मोठा नर. फुर्र करून पाणी उडवलं आणि सरळ यांच्याकडे तोंड केलं.

मामाचं पाहुणेपण तिथेच संपलं. त्याची पाचावर धारण बसली. सासू मात्र अर्धी उठली. तिचा हात मागे काठीकडे गेला, डोळे उजवीकडच्या बोरूवर. "आण इकडे! बोरूत घालते!"

होडी डुचमळली. बोटभर पाणी आत आलं.

"खाली बसा."

"अगं, दे म्हणते ना काठी!"

"म्मा, बसा म्हटलं ना!"

आवाज मोठा नव्हता. पण अकरा वर्षांत ओरातिले या आवाजात त्या घरात कधी बोलली नव्हती. आपल्याच तोंडून असा आवाज निघतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. म्हातारीने तिच्याकडे पाहिलं, एक क्षण. आणि बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाहुणीसारखी.

ओरातिलेने होडी सरळ मागे रेटली. एक रेटा, दुसरा, तिसरा. पाणघोड्याने मुसंडी मारली ती यांच्यावर नव्हे, उजवीकडे. बोरू कडाकडा मोडले, तो त्या नव्या वाटेने सुसाट गेला, आणि जिथे सासरा जन्मभर लपला तिथे उभं काहीच राहिलं नाही. चिखल तेवढा हलत होता.

मामाने पिशवीतून एक मॅग्विन्या काढली आणि न चावता गिळली. परतीच्या वाटेत सासूने एकदाही मान मागे वळवली नाही.

काठावर पोचतात तो शेजारीण ओरडत आली, "अहो मामा, कुठे उलथला होतात? हत्तीने सगळं कलिंगड तुडवलं! भर दिवसा!"

"कधी?"

"सव्वानऊला!"

"साहेब!" मामा कलिंगडांकडे न जाता साहेबांकडे धावला. "ऐकलंत ना? वेळ बरोबर होती! फुली खोडा!"

साहेब म्हणाले, वेळेचे गुण देतो, ठिकाणाचे नाही. मग ते शेवटच्या पानावर आले. पाहुण्यांची तक्रार. एक जरी गंभीर निघाली तर लायसन नाही, असं तिथे छापलेलंच होतं. मामाची तक्रार बिस्किटांबद्दल होती. साहेब म्हातारीकडे वळले.

"तुमची काही तक्रार, म्मा?"

"आहे ना. लिहा." "चहा पाणचट. होडी डावीकडे ओढते. आणि मला दटावलं. भर पाण्यात, माझ्याच होडीत, परक्यांसमोर."

साहेबांची लेखणी थांबली. "ही गंभीर तक्रार आहे, म्मा."

"माझं संपलंय का? लिहा पुढे. मी उठले होते. बोरूत घालणार होते होडी. बोरूचं काय झालं ते पाहिलंत ना? चाळीस वर्षं संसार केला, नवरा बस म्हणाला तर मी कधी बसले नाही. हिने म्हटलं, मी बसले. बसले म्हणून इथे उभी आहे. लिहिलंत?"

"लिहितो. पण तक्रार कुठल्या रकान्यात..."

"ते तुमचं तुम्ही बघा. शिकलेले आहात."

साहेबांनी लिहिलेलं एकदा वाचून काढलं. मग खिशातून शिक्का काढला, त्याच्यावर हाऽऽ करून फुंकर मारली आणि 'पास'वर दाबला. ओरातिले होडीच्या कडेवर बसून रडायला लागली, तोंडावर हातसुद्धा न घेता.

म्हातारीने खुर्चीची घडी घातली आणि कोणी काही म्हणायच्या आत काखेत मारली. चार पावलं गेली आणि थांबली.

"रडून झालं की होडीतलं पाणी उपस," ती म्हणाली. "आणि सांग आता, कोंबड्या कुठे कोंडू मी?"