गारव्यात ठेवायचं औषध

“बोटं किती, मावशी?”

“आधी हात तर वर करा.”

हात वरच होता. साखराबाईचा उजवा डोळा झाकून, डाव्या डोळ्यापासून फूटभर अंतरावर राधाकिशनने तीन बोटं धरली होती. त्याने हात खाली घेतला आणि बॅटरी लावली. बाहुली आकसली नाही. नऊ महिन्यांपूर्वी याच डोळ्याने तिने तक्त्यावरच्या चार ओळींमधल्या ‘E’च्या काड्यांच्या दिशा बिनचूक दाखवल्या होत्या. ती नोंद त्याच्याच अक्षरात टेबलावर होती.

राधाकिशन सत्तावीस वर्षं नेत्रसहाय्यक होता. शस्त्रक्रिया तो करत नसे; कोणाची व्हावी, हे निवडत असे. वडवणीजवळच्या शाळेत शिबिर भरलं होतं. उसाअभावी कारखान्याचा हंगाम बुडाला होता, म्हणून कारखान्याची बस निवडलेल्या रुग्णांना रुग्णालयात न्यायला रिकामी मिळाली होती. दुष्काळाने कोणाचं भलं केलंच असेल, तर या बसपुरतं.

“साखराबाई, पिकला का तुझा मोती?” बाकावरून सुंदरराव ओरडले. त्यांची निवड झाली होती, त्यामुळे ते खुशीत होते. “का अजून पाडालाच लागलाय?”

“पिकायची वाट बघायचे दिवस गेले, सुंदरराव,” राधाकिशन म्हणाला. “गप बसा जरा.”

दिवस खरोखरच गेले होते. आता तीन मिलिमीटरहून लहान छेदातून मोतीबिंदू फोडून ओढून घेत, घडीची लेन्स आत सोडत. ती उलगडून आपोआप बसे. टाका नाही. सुंदरराव परवा दिवशी वर्तमानपत्र वाचणार होते आणि डॉक्टरांना देव म्हणणार होते. राधाकिशनच्या मते त्यात देवाचा संबंध नव्हता. गढूळ भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की दिसतं, इतकंच.

साखराबाईचं भिंग जवळजवळ स्वच्छ होतं. तिला काचबिंदू होता. त्यात डोळ्यातला दाब मागची नस चुपचाप मारत जातो. मधलं दिसणं शेवटपर्यंत टिकतं, आणि म्हणून माणूस फसतो. त्याने उजव्या डोळ्याचा दाब मोजला. अडतीस. एकवीसच्या पुढे काळजी सुरू होते.

“रोज रात्री एक थेंब सांगितला होता. घालता ना?”

“न्हाई.”

“कावून?”

“डेअरी बंद पडली की, सायब.”

त्याला अर्थ लागला नाही. साखराबाईने पदराखालून एक ओलसर फडकं काढलं, टेबल चाचपलं आणि त्यावर सहा बाटल्या मांडल्या. पाच सीलबंद, एक फोडलेली.

“तुमी म्हनलावता, गारव्यात ठिवा, न्हाईतर औषध मरतं. माज्या घरी फ्रीज कुठला? दूध संघाच्या डेअरीत नमुन्याच्या बाटल्यांचा फ्रीज व्हता. उत्तरेश्वर सेक्रेटरी म्हनला, ठिव त्यात. सांजच्याला दूध घालाया गेले की त्योच थेंब टाकायचा. दुधात डिग्रीची नळी बुडवायची, मग माज्या डोळ्यात थेंब. बाया हसायच्या, म्हनायच्या, साखराबाईची बी फॅट बघा रं.” ती स्वतःच हसली. “दिवाळीनंतर दूधच आटलं. डेअरीला कुलूप लागलं, लाईट तोडली. म्या जनावरं घिऊन छावनीत गेले. काल उत्तरेश्वरनं कुलूप काढलं, तवा आनल्या. आत चुलीवानी गरम व्हतं. मेलेलं औषध कशाला घालायचं? सरकारी माल हाय, परत घ्या.”

“आमच्याकडं यायचं होतं. दुसऱ्या दिल्या असत्या.”

“आन् ठिवल्या कुठं असत्या?”

राधाकिशनने एक खोका उचलला. बारीक अक्षरात दोन वाक्यं छापलेली होती. पहिलं: फोडण्याआधी दोन ते आठ अंशांत ठेवा. दुसरं: फोडल्यावर पंचवीस अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. गेल्या शिबिरात दोनशे दहा माणसं होती. त्याने तिला पहिलंच वाक्य सांगितलं होतं.

“मावशी, माझं चुकलं. फोडलेली बाटली बाहेर चालते. हे मी सांगितलंच नाही.”

तिने फडक्याची घडी घातली.

“डेअरी बंद पडली, त्याला तुमी काय करनार?” ती म्हणाली. त्याला बरं वाटावं असा तिचा आवाज होता. “आता मला बी बसमधी बसवा. ऑपरेशन करा. सुंदररावाचं व्हतंय तर माजं कावून न्हाई?”

“याचं ऑपरेशन वेगळं असतं. पाणी निघायला वाट करतात, दाब उतरतो. गेलेलं मात्र परत येत नाही. डावा गेला. उजवा राखायचाय.”

“समदा गेला?”

“हो.”

तिने डावा डोळा पदराने पुसला, जणू अजून काही अडकलं असेल.

काचबिंदूच्या सर्जनची सर्वांत जवळची तारीख सहा आठवड्यांनंतरची होती. त्याने चिठ्ठी लिहिली, थंड पेटीतून नवी बाटली काढून फोडली, उजव्या डोळ्यात एक थेंब सोडला आणि बाटली तिच्या मुठीत दिली.

“कनवटीला ठेवा. चालतं. एक रात्र चुकवू नका.”

बाहेर बेचाळीस अंश होते. खोक्यावर पंचवीस लिहिलं होतं. मधल्या सतरा अंशांत औषध किती उरतं, हे त्याला माहीत नव्हतं. गरम थेंब न घातलेल्या थेंबापेक्षा बरा, एवढंच तो मानत होता.

बस हलली. खिडकीतून सुंदररावांनी हात केला. साखराबाईने त्या दिशेला मान वळवली, पण तिची नजर बसच्या पुढे, रिकाम्या रस्त्यावर लागली होती.

मग ती कडुनिंबाखाली बसली. छावणीपर्यंतची वाट दोन कोसांची होती आणि तिच्याजवळ पाण्याची एकच बाटली होती. औषध तिने फडक्यात गुंडाळलं, पिण्याच्या पाण्याचं झाकण काढलं आणि निम्मं पाणी सावकाश फडक्यावर ओतलं.

राधाकिशन दारापर्यंत आला होता. ओल्या फडक्याने थोडे अंश उतरतात, हे त्याला ठाऊक होतं. पाणी वाया जातंय, असं म्हणून तिला थांबवायला त्याच्याजवळ काही कारण नव्हतं.